एका ब्रॅकेटचा कार्बन आणि वरच्या वाडीचं पाणी

आमच्या कारखान्यातला एक ब्रॅकेट तयार होताना हवेत किती कार्बन जातो, याचा पहिला आकडा मी तो विकत घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीला पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. पलीकडे रिद्धिमा मॅडम. वय माझ्या थोरल्या मुलीएवढं असेल. अतिशय अदबीनं म्हणाल्या, "सर, एक शंका होती. तुम्ही ब्रॅकेट कारखान्यात बनवता की ज्वालामुखीत?"

वजनाच्या रकान्यात किलो लिहायचे होते, मी ग्रॅम लिहिले होते. ब्रॅकेट म्हणजे गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाला धरून ठेवणारा ॲल्युमिनियमचा हात. तळहातावर मावतो. माझ्या कागदावर तो चांगल्या दुभत्या म्हशीएवढा जड झाला होता, आणि त्याच्यापायी जेवढा कार्बन आकाशात जात होता तेवढा आमच्या आख्ख्या खालापूर तालुक्याच्या होळ्यांचाही जात नसेल. खाली मी स्वतःच्या सहीनं लिहिलं होतं, 'आकडा तपासून पाहिला आहे.'

माझी या विषयातली कारकीर्द अशी सुरू झाली. त्यानंतर मी सुधारलो असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी पुढचं वाचावं.

मी गुणवत्ता विभागात आहे. आमच्यासारख्या मध्यम कारखान्यात गुणवत्ता विभाग म्हणजे घरातला माळा. जे कुठंच बसत नाही, ते तिथं टाकायचं. ग्राहकाची तक्रार, सुरक्षा सप्ताहाचे फलक, पाहुण्यांना द्यायची शाल, सगळं माझ्याकडे. तेव्हा पुण्याहून 'प्रत्येक वस्तूचा कार्बन फूटप्रिंट कळवा' असं पत्र आलं, ते आमच्या मालकांनी, छोट्या शेठनी, नुसतं वरच्या कोपऱ्यात 'भोईर' लिहून माझ्या टेबलावर पाठवलं.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगायचं तर मी भाकरीचं उदाहरण देतो. समजा कुणी विचारलं, तुमच्या घरी एका भाकरीला गॅस किती लागतो? सिलिंडर कधी आला, कधी संपला, ते सांगता येतं. पण त्याच शेगडीवर डाळ शिजली, चार वेळा चहा झाला, एकदा दूध उतू गेलं. उतू गेलेल्या दुधाचा गॅस भाकरीच्या नावावर टाकायचा की चहाच्या? आणि गॅसच्या आधीही भाकरी होतीच. नांगरट, खत, गिरणी, पीठ आणणारी रिक्षा. हे सगळं मोजून शेवटी एका भाकरीमागे एक आकडा लिहायचा. वर तो खरा पाहिजे, कारण तो एकटा राहत नाही. आमचा आकडा पुण्याच्या आकड्यात मिसळतो, पुण्याचा जर्मनीतल्या गाडीवाल्याच्या आकड्यात. खाली एकानं थाप मारली की वरपर्यंत सगळ्यांचं दूध नासतं.

हे आकडे कंपनीच्या पोर्टलवर भरायचे. तिथं पुस्तकातला सरासरी आकडा भरला तर चौकट पिवळी दिसते. स्वतः मोजून, पुराव्यानं भरला तर हिरवी. वर्षअखेर पिवळे राहतील त्यांच्या कामाचा फेरविचार होईल, असं पत्रात गोड भाषेत लिहिलं होतं. मला हिरवं व्हायचं होतं.

सुरुवात ॲल्युमिनियमपासून केली, कारण कार्बनचा मोठा वाटा तिथंच. खाणीतून आलेलं नवं ॲल्युमिनियम आणि भंगार वितळवून केलेलं, यांच्या कार्बनमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर असतं. आमच्या लगडी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या विटा, मोहोपाड्याच्या बाजूला भंगार वितळवणारे एक गुप्ताजी देतात. मी त्यांना फोन केला. म्हटलं, तुमच्या एका किलोमागे कार्बन किती?

"भोईरसाहेब, तुम्हाला किती पाहिजे?"

"मला पाहिजे तेवढा नको. आहे तेवढा सांगा."

"आहे तेवढा कुणाला माहीत? बाकीच्या पार्ट्यांनी सांगितला तेवढा मी दिला. तुम्ही जुनं गिऱ्हाईक, तुम्हाला त्यांच्याहून कमी देतो. लेटरहेडवर लगेच मारतो."

माणूस मनाचा मोठा. कार्बनमध्येसुद्धा सवलत द्यायला तयार. शेवटी मीच त्यांच्या भट्टीशी जाऊन त्यांचं तेल आणि त्यांचं भंगार मोजलं. निघताना त्यांनी मला लिंबू सरबत पाजलं आणि म्हणाले, "इन्कम टॅक्सवाले पण एवढं विचारत नाहीत."

मग वाहतूक. आमचा माल चाकणला नेतो तो टेंपोवाला किसन. त्याला विचारलं, "किसन, येताना टेंपो रिकामा येतो की भरून?" प्रश्न साधा होता, पण किसनला त्यात भाडं कापण्याचा वास आला.

"रिकामाच, साहेब. देवाशपथ."

"मग हे काय?" टेंपोच्या फळीवर कांद्याची सालं होती.

"ती... वाऱ्यानं आली असतील."

वाऱ्यानं चाकणहून खोपोलीपर्यंत कांद्याची सालं आणली. हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग परतीचं डिझेल कांद्यांच्या नावावर जाईल. तुमचा आकडा कमी होईल, चांगलंच आहे." मी किसनला समजावलं की बाबा, तू कांदे आणतोस हे आमच्या फायद्याचं आहे, खुशाल सांग. त्यावर तो आणखीच घाबरला. आता कुणी काहीही विचारलं तरी तो आधी टेंपो झाडतो.

इथपर्यंत गोंधळ होता, पण हसण्यासारखा. खरा गोंधळ विजेनं केला.

प्रत्येक मशीनची वीज वेगळी मोजायची म्हणून आमचे इलेक्ट्रिशियन ठोंबरे आणि मी आख्खा कारखाना पालथा घातला. ठोंबरे कारखाना उभा राहिला तेव्हापासून आहेत. निवृत्तीला आलेत, पण शिडीवर माझ्याआधी चढतात. आम्ही दाबयंत्रं मोजली, कॉम्प्रेसर मोजला, हवेची गळती शोधून बंद केली, कॅन्टीनचा फ्रिजसुद्धा मोजला. सगळ्यांची बेरीज केली. ती मुख्य मीटरशी जुळेना. मीटर जास्त दाखवायचं. पुन्हा मोजलं, पुन्हा जास्त. ठोंबरे म्हणाले, "असतंय साहेब असं. मीटर जुनं हाय." मीटर नवं होतं.

मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी सगळं बंद असताना बघू.

त्या दिवशी आम्ही दोघं नवरा-बायको पळसदरीला निघालो होतो. नंदाचं माहेर तिथं. कारखाना पळसदरीच्या पुढे, म्हणजे वाटेत मुळीच नाही, तरी 'वाटेत पाच मिनिटं' असं म्हणून मी गाडी सरळ पुढे नेली. लग्नाला इतकी वर्षं झाली की अशा वेळी ती भांडत नाही, फक्त खिडकीतून बाहेर बघते. ते जास्त त्रासाचं असतं.

आत सगळं शांत. भट्टी थंड, यंत्रं बंद. आणि पॅनेलवरचा आकडा मजेत उभा. कुठंतरी एखादी बऱ्यापैकी मोटर चालू असावी इतका. मी ठोंबऱ्यांना क्वार्टरमधून बोलावलं.

"ठोंबरे, हे काय आहे?"

"दिवं असतील."

"भर दुपारी?"

"मंग कुनाचा पंखा ऱ्हायला असंल."

"एवढा पंखा? वर हेलिकॉप्टर आहे का?"

ठोंबऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "सांगतो साहेब. पन लिवू नका."

आता गंमत अशी की लिहिणं सोडून मला दुसरं कामच नव्हतं. पण मी मान हलवली.

कारखान्यामागच्या डोंगरात ठाकर आदिवासींची वस्ती आहे, तिला सगळे वरची वाडी म्हणतात. तिच्या खालच्या अंगाला एक विहीर आहे. त्या विहिरीवरची मोटर आमच्या लाइनीवर चालते. मोठ्या शेठनी, म्हणजे छोट्या शेठच्या वडिलांनी, कारखाना बांधताना तसा शब्द दिला होता. कागद नाही, काही नाही. मोठे शेठ वारले, शब्द ठोंबऱ्यांकडे राहिला. सकाळ-दुपार ते बटण दाबतात, वाडीची टाकी भरते.

"छोट्या शेठना माहीत आहे?"

"त्यांनी कदी इचारलं नाय. आमी कदी सांगितलं नाय."

औद्योगिक जोडणीवरची वीज बाहेर कुणाला द्यायची नसते, हे मला माहीत होतं. मी हे पोर्टलवर लिहिलं तर पहिली गोष्ट होणार ती म्हणजे वायर कापणार, आणि वाडीचं पाणी बंद. न लिहावं तर आकडा खोटा. मॅडम तपासणीला येऊन बेरीज मागणार आणि फरक त्यांना दिसणारच.

गाडीत येऊन बसलो आणि नंदाला सगळं सांगितलं.

"मग लिहू नका," ती म्हणाली.

"पण आकडा खोटा पडेल."

"मग लिहा."

"पण पाणी तुटेल."

"अहो, मग आधी वर जाऊन बघून तरी या. इथं स्टिअरिंगला धरून काय बसलात?"

वर जाण्याआधी मी एक शहाणपण केलं. छोट्या शेठना 'समजा' म्हणून विचारलं. समजा, आपली एखादी वायर बाहेर गेली असेल, तर?

"कापायची. समजा काय त्यात? उद्या कुणी तक्रार केली तर आपली लाइन जाईल." मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "आहे का अशी वायर?"

"शोधतोय," मी म्हणालो. वायर माहीत असताना शोधतोय म्हणणं खोटं आहे का, हेही मला कळेना.

वाडीवर गेलो तर टाकीजवळ बायका हंडे लावून उभ्या होत्या. मी ओळख द्यायच्या आत एक वयस्कर बाई पुढे आली. सोमीबाई आगिवले. नऊवारीचा काष्टा, दंडावर गोंदण, आणि आवाज असा की खालच्या रस्त्यावर ऐकू जावा.

"मोटर बंद करनार तो सायब तूच का रं?"

ठोंबऱ्यांना मी लिहिणार नाही असं सांगितलं होतं. ते सांगणार नाहीत असं काही ठरलं नव्हतं.

"बंद करायला नाही आलो. बघायला आलो."

"बघ मंग. हे पानी. हे हंडं. मोटर नव्हती तवा आमी त्या खालच्या वहाळाच्या वाळूत झिरं खणायचो. वाटीवाटीनं पानी भरायचं. माजी अर्दी जिनगानी वाटीनं पानी भरन्यात गेली. ह्या पोरींनी ती वाटी बघितली बी नाय." बाजूच्या तरण्या पोरी हसल्या. त्यांना ती गोष्ट पाठ असावी. सोमीबाई मात्र हसली नाही. "आता त्यांना बी दावनार का?"

काहीतरी तांत्रिक करतोय असं दाखवावं म्हणून मी विहिरीकडे चालायला लागलो आणि गवतात पाय अडकून सपशेल आडवा झालो. पोरी आता मोकळेपणानं हसल्या.

पाय अडकला होता तो एका पाइपात. वाडीकडे जाणारा पाइप मी बघितला होता, तो बारीक, मनगटाएवढाही नव्हता. हा चांगला मांडीएवढा. आणि तो वर जात नव्हता, खाली उतरत होता.

"हा कुठं जातो?" मी पडल्या पडल्या विचारलं.

"तुमच्याकडंच की."

"आमच्याकडं?"

"मंग! विहीर कुनाची हाय? वाडीची. मोटर तुमची, पानी आमचं. तुजा मोटा शेट हितं येऊन बसला व्हता, ह्या दगडावं. म्हनला, मला पानी द्या, मी मोटर देतो. तुला ठावं नाय?"

मला ठाऊक नव्हतं. आमच्या कामात पाणी म्हणजे काय हे सांगायला हवं. वितळलेलं ॲल्युमिनियम ज्या साच्यात दाबतात, त्या साच्याभोवती दिवसभर गार पाणी खेळवावं लागतं. पाणी नाही तर साचा नाही, साचा नाही तर ब्रॅकेट नाही. आवारात आमची बोअर आहे, आणि मी पोर्टलवर ऐटीत भरलं होतं, 'पाणी: स्वतःचा स्रोत.' बोअर होळीनंतर आटते, हेही मला माहीत होतं. मग उन्हाळाभर टाकी कशी भरते? भरते म्हणून कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. इतकी वर्षं मी ब्रॅकेटचा सूतभर फरक पकडत होतो, आणि मांडीएवढा पाइप मला पडल्याशिवाय दिसला नाही.

खाली येताना डोक्यात सगळं उलटसुलट झालं. मघापर्यंत आम्ही वाडीला पाणी देत होतो. आता वाडी आम्हाला देत होती. विजेची तार तीच, पाइप तेच, विहीर तीच. ठोंबऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, "तुमी वीज इचारली, पानी कुटं इचारलं?"

मॅडम आल्या त्या दिवशी मी शेठच्या केबिनमध्ये सगळं सांगून टाकलं. ठोंबरे दाराशी उभे होते. 'लिवू नका' त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं. शेठचा चेहरा आधी लाल झाला. मग मी जाड पाइपावर आलो. मग तो पांढरा झाला.

"म्हणजे मोटर बंद केली तर?" त्यांनी विचारलं.

"होळीनंतर आपणही बंद, शेठ."

मॅडम कागदावर चौकोन काढत होत्या. "मग मोटर तुमच्या हिशेबाच्या हद्दीतच येते, सर. ती तुमच्या कामासाठी चालते. बाहेर वीज जात नाही, पाणी जातं. वाडीला जातं तेवढ्या पाण्याचा कार्बन वाडीच्या बाजूला दाखवायचा. सह-उत्पादन."

"म्हणजे आमचा कारखाना दोन वस्तू तयार करतो?" मी विचारलं. "एक ब्रॅकेट आणि एक वाडीचं पाणी?"

"हिशेबापुरतं, हो."

शेठनी वीजजोडणीचं वकिलाला विचारायचं ठरवलं. वकील अजून अभ्यास करतायत, करोत. पण मोटर चालूच राहील, असं शेठ तिथल्या तिथं म्हणाले. ते वाडीसाठी म्हणाले की साच्यासाठी, हे मी खोदून विचारलं नाही. ठोंबऱ्यांनी डोळे टिपले आणि डोळ्यात कचरा गेल्याचं सगळ्यांना सांगितलं.

फक्त मॅडमची एक अट होती. वाडीला किती पाणी जातं, ते अंदाजानं चालणार नाही. मोजायला हवं.

म्हणून वाडीच्या बारीक पाइपावर, टाकीच्या नळापाशीच, मी पाण्याचं मीटर बसवून घेतलं. काम चाललं होतं तेव्हा सोमीबाई येऊन उभी राहिली.

"हे घड्याळ कशाला?"

मी सांगायला लागलो. ब्रॅकेट, गाडी, कार्बन, पुणे, जर्मनी. सांगता सांगता मलाच ते कुणी दुसरा माणूस बोलतोय असं वाटायला लागलं.

"म्हंजी आमी किती पानी पितो ते त्या गोऱ्यांना कळनार?"

"नुसता आकडा कळणार, बाई. तुमचं पाणी कुणी कमी करणार नाही. मी सांगतो ना."

"तू सांगतोस ते खरं असंल. मोटा शेट बी खरंच बोलला व्हता." तिनं घड्याळाच्या काचेवर बोट टेकवलं. "पन तवा घड्याळ नव्हतं. आज मोजतील. उद्या म्हनतील, लई पिता."

मी हसून नाही नाही म्हटलं. घड्याळ सुरू झालं.

आमची चौकट हिरवी झाली. शेठनी पेढे वाटले, पुण्याच्या कंपनीनं अभिनंदनाचं पत्र पाठवलं, आणि दुसऱ्या पुरवठादारांना माझं उदाहरण देतात असंही कानावर आलं. त्यांना ग्रॅम आणि किलोचं कुणी सांगितलं नसावं. ठोंबरे मात्र पेढा हातात घेऊन उभे राहिले.

"काय झालं?"

"काय नाय. वरच्या बाया नळ अर्दाच सोडत्यात आता. सोमी उबी ऱ्हाते घड्याळापाशी. पोरींना म्हनते, काटा पळतोय, बंद करा."

"मी सांगितलं होतं ना त्यांना, कितीही वापरा म्हणून?"

"सांगितलंत तुमी. पन घड्याळ रोज सांगतंय ना, साहेब."

घरी आलो तेव्हा नंदा लसूण सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. हिरवी चौकट, पेढे, पत्र. अर्ध्या नळाचंही सांगितलं, जरा घाईनं. म्हटलं, होईल सवय, नवी गोष्ट आहे.

"घड्याळ त्यांच्या बारक्या पाइपाला बसवलंत?" तिनं विचारलं.

"हो. तेच सोयीचं होतं. जाड पाइपाचं मीटर मोठं असतं, मागवावं लागतं. आणि त्याची गरजही नाही. मोटर किती चालली त्यावरून एकूण पाणी कळतं. त्यातून वाडीचं वजा केलं की आपलं उरतं. मॅडमनासुद्धा पटलं."

तिनं एक पाकळी सोलली, दुसरी घेतली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"विहीर त्यांची. ढीगभर पाणी उपसता तुम्ही. आणि मीटर त्यांच्या नळाला?"